स्वयंपाकघरातील द्रव्यशुद्धी

पेडणे महालातील एका गावच्या देवळात समाराधनेची बैठक भरली होती. तांदूळ किती लागतील, नारळ कोण देणार, खतखत्याच्या भाज्या कोण चिरणार, यांवर बराच खल झाला. जेवण कशात वाढावे हा प्रश्न मात्र दोन मिनिटांत सुटला. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘पत्रावळी लावायला आता माणसे कुठे आहेत? प्लॅस्टिकला बंदी आहे, तेव्हा म्हापशाहून कागदी ताटांचे गठ्ठे आणू.’’ सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

समाराधना यथासांग पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागच्या बांधाकडे गेलो, तेव्हा उष्ट्या ताटांच्या ढिगाशी दोन गाई उभ्या होत्या आणि भाताची शिते चाटता चाटता ताटेही चघळीत होत्या. ताटे तर कागदाची. मग चिंता कशाची, असे क्षणभर वाटले. तरीही एक कोरे ताट आम्ही घरी आणले आणि बादलीत बुडवून ठेवले. दोन दिवसांनी त्याचा कागद लगदा होऊन सुटला आणि हातात उरला तो एक पातळ, पारदर्शक पापुद्रा. आमटी झिरपू नये म्हणून त्या ताटाला आतून दिलेला तो प्लॅस्टिकचा मुलामा होता. गाईंच्या पोटात काय गेले, हे मग निराळे सांगावयास नको होते.

कायद्याच्या दृष्टीने आम्ही काही मोठा गुन्हा केला असे कोणी म्हणाले नसते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाची प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे, नळ्या यांवर देशभर बंदी आली, ती आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे पाळली होती. गोव्यात तर अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९६ पासूनच आहे. तथापि कायदा पाळल्याचे समाधान आणि निर्दोष असल्याचे समाधान ही दोन वेगळी आहेत, एवढे त्या पापुद्र्याने आम्हांस शिकवले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे: भांडे निवडताना सोय, किंमत आणि टिकाऊपणा यांच्यापलीकडे धर्माधर्माचा म्हणून काही विचार असतो काय? असल्यास तो कोणता?

हा प्रश्न आमच्या पूर्वजांना नवा नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. कोणता पदार्थ कशाने शुद्ध होतो, याची तेथे व्यवस्था लावलेली आहे. धातू राखेने, मातीने, पाण्याने, तांबे आंबटाने, आणि मातीचे भांडे पुन्हा भट्टीत घातल्याने. ही व्यवस्था पोथीतच राहिली नाही. आमच्या घरातील बायकांनी ती पोथी न वाचताही पाळली. चिंचेचा कोळ आणि रांगोळी घेऊन पितळेची भांडी उजळणे, कळशीला राख लावणे, ग्रहणानंतर मातीची मडकी टाकून नवी आणणे, हे सारे त्याच विचाराचे घरगुती रूप होते.

त्या काळचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणून पाहावे. न्हाणीत तांब्याचे भाण, चुलीवर मातीचे कुंडले, तांदूळ धुवायला बांबूची रोवळी, पाखडायला सूप, ढवळायला नारळाच्या करवंटीला काठी बसवून केलेला डवला. लोणच्याला चिनी मातीची बरणी. पातोळ्यांना हळदीचे पान. आगरवाड्याच्या मिठागरांतले खडे मीठ कधी धातूच्या डब्यात ठेवीत नसत, कारण मीठ धातूला खाते हे सर्वांना ठाऊक होते. ताक पितळेत राहिले तर कळकते, म्हणून त्याला मातीचे किंवा दगडी भांडे. सोलाचे आंबट घातलेली कढी कल्हई गेलेल्या पातेल्यात कोणी करीत नसे. कोणते अन्न कोणत्या भांड्याशी जमते हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांत मुरलेले होते.

या वस्तूंचे आणखी एक वैशिष्ट्य असे की प्रत्येकीचा जन्म आणि मृत्यू आमच्या डोळ्यांसमोर होत असे. मडके डिचोलीच्या कुंभाराकडचे. ते फुटले की खापऱ्या झाडाच्या बुंध्याशी पडत आणि कालांतराने मातीत मिसळत. रोवळी झिजली की चुलीत जाई. पत्रावळ गोठ्यामागच्या खतात जाई. तांब्यापितळेची भांडी तर मरतच नसत. कल्हई उडाली की कल्हईवाला दारी येई. भांडे तापवून, नवसागर टाकून, वितळलेले कथिल कापसाच्या बोळ्याने तो असे फिरवी की काळवंडलेले पातेले घटकाभरात चांदीसारखे दिसे. भांडे चेपले तर ठोकून सरळ करता येई. फारच जुने झाले तर मोडीत देऊन नवे घेता येई. डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला आणि त्याच देवालयाचा पुन्हा जीर्णोद्धार होऊन ते २०२३ च्या फेब्रुवारीत भक्तांसाठी खुले झाले. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळापुरता ठेवला आहे. पण कल्हई हा तरी भांड्याचा जीर्णोद्धारच नव्हे काय? जे जुने झाले ते टाकावयाचे नसून सावरावयाचे असते, ही वृत्ती देवळात आणि न्हाणीत एकच होती.

आता प्लॅस्टिकचा विचार करू. पॉलिथीन हा पदार्थ १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच सापडला. ज्याचे डबे आज घरोघरी आहेत ते पॉलिप्रोपिलीन १९५४ मधले. म्हणजे स्मृतिकारांना तर सोडाच, आमच्या आज्यांना त्यांच्या लग्नात हा पदार्थ ठाऊक नव्हता. त्याची शुद्धी कशाने करावयाची? राखेने घासले तर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत तेल नि मळ बसतो. आंबटाने उजळत नाही. उलट हळदीचा डाग एकदा बसला की निघत नाही. अग्नीत घातले तर शुद्ध होण्याऐवजी विषारी धूर सोडते. मातीत पुरले तर माती त्याला स्वीकारीत नाही. प्राचीनांनी शुद्धीची जी साधने सांगितली त्यांपैकी निव्वळ पाणी सोडल्यास एकही या पदार्थास लागू पडत नाही. हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. राख, माती, आंबट आणि अग्नी ही सृष्टीचीच शक्ती आहे. ज्या वस्तूवर त्यांचा इलाज चालत नाही ती सृष्टीच्या व्यवहारात परत येऊ शकत नाही.

आकडे हेच सांगतात. २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्लॅस्टिकचा हिशेब मांडला. २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले होते. त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. आणि त्या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. १२ टक्के जाळले गेले. उरलेले ७९ टक्के कचऱ्याच्या डेपोंत किंवा उघड्यावर पडले. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. त्यावरून ‘हे सुरक्षित आहे’ किंवा ‘याचे पुन्हा काहीतरी होणार आहे’ असा आपला समज होतो. वस्तुतः तो आकडा प्लॅस्टिकची जात तेवढी सांगतो. २ आणि ४ म्हणजे पॉलिथीनचे दोन प्रकार, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्याचे फुगीर रूप आपण थर्मोकोल म्हणून ओळखतो. उष्णता, तेल आणि आंबट या तिहींच्या संगतीत प्लॅस्टिकमधील द्रव्ये अन्नात अधिक उतरतात; आणि आमच्या स्वयंपाकात गरम, तेलकट आणि आंबट या तीन गोष्टी बहुधा एकत्रच असतात. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना तपासलेल्या २२ माणसांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे सूक्ष्म अंश आढळले. त्यांनी नेमकी किती हानी होते, यावर अद्याप संशोधन चालू आहे. परंतु निकाल लागेपर्यंत उकळती आमटी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतू नये, इतके शहाणपण दाखवावयास कोणाची हरकत नसावी.

येथवर विवेचन सोपे आहे आणि येथे थांबलो असतो तर लेख वाचून आमच्या काकी हसल्या असत्या. त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे पितळ घासले. आम्ही घरात प्लॅस्टिकविरुद्ध बोलू लागलो तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, तुजां तत्त्वज्ञान बरां आसा, पूण भांडी घासूक कोण येतलो?’’

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याने जुन्या स्वयंपाकघराची स्तुती करू नये, असे आम्ही आता मानतो. तांब्याची भरलेली घागर कमरेवर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत जी चालली तिला प्लॅस्टिकची हलकी कळशी ही मुक्तीच वाटली. मूल हातातून भांडे पाडील म्हणून जिचा जीव वरखाली होई तिला न फुटणारा पेला हा वरच वाटला. पितळेची शोभा पाहणारे पुरुष होते. चिंचेने आणि राखेने बोटे चिरली ती बायकांची. प्लॅस्टिक आमच्या घरांत केवळ जाहिरातीने शिरले नाही. ते कष्टातून सुटकेचे आश्वासन घेऊन आले आणि ते आश्वासन त्याने बऱ्याच अंशी पाळलेही. आज पहाटे उठून डबा भरून सात वाजता तुयेच्या किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या बाईस ‘कल्हईची भांडी वापर’ म्हणून उपदेश करणे हा धर्म नव्हे, निव्वळ आगाऊपणा आहे.

दुसरीही एक कबुली दिली पाहिजे. ज्या द्रव्यशुद्धीचा आम्ही वर आदराने उल्लेख केला, त्याच विचाराच्या छायेत माणसांच्या शुद्धाशुद्धतेचाही हिशेब मांडला गेला. ज्याने विणलेली रोवळी आमच्या तांदळाला चालली, ज्याने वळलेले सूप आमच्या धान्याला चालले, त्याला स्वतःला आमचा उंबरा ओलांडता येत नव्हता. त्याची वस्तू शुद्ध आणि तो अशुद्ध, हे कोडे आमच्या देवळांभोवतीच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या न सोडवता तसेच पुढे ढकलले. दुकानात मांडलेली प्लॅस्टिकची चाळणी निदान कोणाची जात विचारीत नाही. जुन्या वस्तू परत आणताना जुना अन्यायही तिच्याबरोबर आत येणार असेल तर त्या वस्तू नकोत. बांबूकाम करणाऱ्याला आणि कुंभाराला योग्य दाम आणि बरोबरीचा मान देऊनच त्याची वस्तू घरात यावी.

तिसरी गोष्ट डिचोलीकरांना निराळी सांगावयास नको. प्लॅस्टिक अशुद्ध आणि धातू शुद्ध, असे म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही, कारण धातू कोठून येतो हे त्या महालाने डोळ्यांनी पाहिले आहे. श्रीलइराईच्या शिरगावाभोवती, मुळगावाकडे, पाळीकडे लोहखनिजासाठी डोंगर कापले गेले. खाणींची लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत उतरली. झरे आटल्याच्या तक्रारी झाल्या. खनिज बोटींतून परदेशी गेले आणि खड्डे येथे राहिले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून त्यांना पुन्हा वाट दिली. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण त्याच न्यायालयाने रद्द केले. या साऱ्यात कोणाची रोजी बुडाली आणि कोणाची शेती, हे ज्या घरांनी भोगले त्यांना स्टीलचे चकचकीत ताट निष्पाप आहे असे कोण सांगू शकेल? कुंभाराची माती शेतातूनच निघते. त्याच्या भट्टीला लाकूड लागते. निर्दोष द्रव्य असे या जगात नाही. प्रत्येक भांडे कोणाच्या तरी ऋणात आहे.

मग प्रश्न कसा मांडावा? आमच्या अल्प मतीला असे वाटते की ‘कोणते द्रव्य शुद्ध’ असे विचारण्याऐवजी ‘कोणाचे ऋण आम्ही फेडतो आणि कोणाचे दुसऱ्याच्या माथी मारतो’ असे विचारावे. डोंगर फोडून काढलेल्या लोखंडाचे ताट पन्नास वर्षे वापरले, नातवाला दिले आणि शेवटी मोडीत घालून पुन्हा वितळू दिले, तर त्या डोंगराचे ऋण अंशतः तरी फिटते. तेच द्रव्य पंधरा मिनिटांच्या जेवणासाठी वापरून फेकले तर ते फिटत नाही, मग द्रव्य कोणतेही असो. प्लॅस्टिकचा विशेष दोष हा की त्याची सारी रचनाच अल्पकाळच्या वापरासाठी आणि दीर्घकाळच्या उरण्यासाठी झाली आहे. आमचे घर स्वच्छ राहते. घाण मात्र ओहोळात, शापोऱ्याच्या किंवा तेरेखोलच्या पात्रात, गाईच्या पोटात आणि कचरा वेचणाऱ्याच्या हातांत जाते. ज्या स्वच्छतेची घाण दुसऱ्याच्या दारात पडते तिला शुद्धी म्हणू नये. हाच आमच्या मते द्रव्यशुद्धीचा आजचा अर्थ आहे, आणि त्यात कोणाही माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवावे लागत नाही.

हा विचार मान्य केला तर व्यवहारात काही गोष्टी आपोआप ठरतात. घरात असलेले प्लॅस्टिकचे डबे उत्साहाच्या भरात उचलून फेकून देणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार होय. फेकण्याच्या सवयीवरच तर आपला आक्षेप आहे. त्या डब्यांत कडधान्य, सोले, मीठ असे कोरडे आणि गार जिन्नस खुशाल राहावेत; बादली फुटेपर्यंत वापरावी. गरम, तेलकट आणि आंबट अन्न तेवढे त्यांतून काढावे. त्याला स्टील, काच, चिनी माती चालते. नवे घ्यावयाचे झाल्यास तीन प्रश्न विचारावेत: हे दुरुस्त होईल काय, हे किती वर्षे चालेल, आणि हे मेल्यावर कोठे जाईल? परसात प्लॅस्टिक जाळू नये. पीव्हीसीसारख्या प्रकारांतून निघणारा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. आणि ज्यांच्या माळ्यावर आजीच्या वेळची तांब्यापितळेची भांडी धूळ खात पडली आहेत त्यांनी ती जरूर खाली काढावीत, पण एका अटीवर: ज्याला त्यांची हौस आहे त्याने ती स्वतः घासावीत. आमच्या घरी रविवारी दोन पातेली आणि एक कळशी घासण्याचे काम आता आमच्याकडे आहे. पहिल्या रविवारी काकींनी कळशी उलटीसुलटी करून पाहिली आणि कड नीट निघाली नाही म्हणून परत दिली.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र एकेकट्या घरापेक्षा देवस्थानांवर आहे. घरच्या बाईला वेळ नसतो. देवळाला तिथी आधीपासून ठाऊक असते. घरी चार माणसे असतात. देवळाला महाजन, सेवेकरी, तरुण मंडळी सारेच असतात. चवथीला आपण माटोळीत रानातली फळे केवणीच्या दोराने बांधतो, त्या वेळी कोणी ‘माणसे कुठे आहेत’ असे म्हणत नाही. कारण ते काम देवाचे आहे असे आपण मानतो. मग देवाच्या प्रसादाचे पान हे देवाचे काम नव्हे काय?

असो. या वर्षी समाराधनेच्या बैठकीत आम्ही तो पापुद्रा वहीत घालून नेला आणि सर्वांपुढे ठेवला. वाद झाला. पानांना पैसे कमी पण हात जास्त लागतात, पावसात पाने कुजतात, पाहुण्यांना आवडणार नाही, असे आक्षेप निघाले, आणि त्यांतले काही खरे होते. शेवटी असे ठरले की देवळाने स्टीलची दीडशे ताटे घ्यावीत, बाकीच्यांना केळीची पाने आणि कुंभ्याच्या पानांच्या पत्रावळी द्याव्यात, आणि ताटे घासण्याचे काम बायकांवर न टाकता प्रत्येक पंगतीनंतर पुरुषांनी आणि पोरांनी आळीपाळीने करावे. आदल्या संध्याकाळी देवळाच्या चौकात काकी हीर घेऊन बसल्या आणि त्यांनी आम्हां सात-आठ जणांना पत्रावळ लावावयास शिकवले. शिकणाऱ्यांत असेही होते ज्यांच्या आजोबांना त्या चौकात पाऊल टाकता येत नव्हते. आमच्या पहिल्या दहा पत्रावळी गळक्या निघाल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर आम्ही नळाखाली ताटे घासत होतो. काम अपेक्षेपेक्षा लांबले आणि पाठ दुखली. देवळामागे कालच्यासारख्याच त्या दोन गाई आल्या होत्या. त्यांच्यापुढे केळीची पाने होती आणि त्यांना हाकलण्याचे कारण या वेळी कोणालाच पडले नाही.